बिजागरीचं तेल

डॉक्टरांच्या खिशात पेन असतं, टॉर्च असते, औषधकंपनीच्या माणसाने दिलेली किल्ल्यांची साखळी असते. आबांच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असायची. लहान मुलाला भूल द्यायची असली की ते आधी मुलाकडे जायचे नाहीत, दाराकडे जायचे. ऑपरेशन थिएटरचं दार, मग शुद्धीवर येईपर्यंत मुलांना ठेवतात त्या खोलीचं दार, मग शेजारच्या संडासाचंसुद्धा. दार उघडायचे, मिटायचे, कान लावून ऐकायचे, बिजागरीवर थेंब सोडायचे आणि बोट शर्टाला पुसायचे. त्यांच्या एकूण एक शर्टाला उजव्या बाजूला पिवळट डाग होता. मला त्या डागाचाही हेवा वाटायचा.

आम्ही दोघंही भूलतज्ज्ञ. कुठल्याच एका हॉस्पिटलचे नाही. ज्या सर्जनचा फोन येईल तिकडे जायचं, सकाळी बारामती तर दुपारी इंदापूर. शिक्षण पुण्यातल्या एकाच कॉलेजातलं, फक्त ते माझ्या एक पिढी आधीचे. औषधं तीच, मशीन तेच, मात्रा मोजायची पद्धत तीच. मुलं मात्र त्यांच्याकडे शांत उठायची, आणि माझ्याकडे कधी शांत उठायची, कधी पेटायची.

पेटायची म्हणजे काय ते सांगते. ऑपरेशन नीट झालेलं असतं, भुलेचा वायू बंद केलेला असतो, आणि मूल जागं होता होता मध्येच कुठेतरी अडकतं. डोळे उघडे, पण ओळख नाही. आई समोर असली तरी आईलाच लाथा मारतं, सलाईनची सुई उपसतं, अंगाची कमान करून किंचाळतं. पाव तासात ओसरतं, मुलाला पुढे काहीही आठवत नाही आणि इजा होऊ दिली नाही तर धोकाही नसतो. हे सगळं मला पाठ आहे. पण पलंगाशी उभ्या असलेल्या आईला तो पाव तास जन्मभर पुरतो.

इंदापूरला माझ्या हातून टॉन्सिलची एक मुलगी अशी उठली. सिस्टरच्या मनगटाला चावली. तिची आई भिंतीला पाठ लावून म्हणत होती, "ही माजी पोर न्हाय. माजी पोर आसं करत न्हाय. काय घातलं तुमी तिला?" मी समजावत होते, ती ऐकत नव्हती. थोड्या वेळाने मुलगी शांत झाली आणि तिने आइस्क्रीम मागितलं. मुलगी विसरली. सर्जन विसरले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, मोठ्यांच्या केस तुमच्याच. लहान मुलांसाठी आबांना बोलावत जाऊ, चालेल ना?"

चालेल, म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला होता.

आबा अंथुर्ण्याचे. घरचा ऊस, घरची गुरं. पायात नेहमी चामडी वहाणा, आणि हॉस्पिटलच्या पायरीला लागल्यावर त्या काढून हातात घेऊन चालायचे, कारण वहाणा करकरायच्या. एमडी झालेला माणूस, पण बोलणं ठेवणीतलं नाही, मुद्दाम गावाकडचं. मला "सूनबाई" म्हणायचे. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांच्या गाडीने आबा शाळेला जायचे, एवढ्या नात्यावर. भर थिएटरात, सगळ्यांसमोर, "सूनबाई, नळी जरा तिरकी करा." मी चिडायचे. मलाही डॉक्टर म्हणता येतं की. पण त्यांना तसं सांगायचं धाडस कधी झालं नाही, कारण नळी खरंच तिरकी करायला हवी असायची.

नम्रपणा त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. "बारामतीपास्नं इंदापूरपातूर माझ्यासारखं पोरगं उठवनारा दावा," असं ते चहाच्या टपरीवर मोठ्याने म्हणायचे. मोठ्याने बोलायची त्यांना मुभा फक्त टपरीवरच होती. हॉस्पिटलात ते कुजबुजायचे आणि दुसऱ्यालाही कुजबुजायला लावायचे. स्टीलच्या ट्रेमध्ये टॉवेलाची घडी घातल्याशिवाय चिमटा ठेवू द्यायचे नाहीत. सिस्टरना बांगड्या काढायला लावायचे. एका सर्जनना टाके घालताना गुणगुणायची सवय होती, ती त्यांनी नुसतं बघून बघून सोडवली.

आपल्याकडे मूल शुद्धीवर यायला लागलं की रीतच आहे. गालावर चापट्या मारायच्या, "ए बाळा, डोळे उघड, नाव सांग, शाळेचं नाव सांग." तोवर मामा, आत्या, चुलते पलंगाला वेढा घालतात आणि कुणीतरी मोबाईलवर सोलापूरच्या मावशीला तोंड दाखवत असतं. आबा स्टूल घेऊन दारात आडवे बसायचे. "पोरगं झोपंतनं उठतंय म्हंजी परगावास्नं घरी येतंय," ते म्हणायचे. "दारात आपलं एक मानूस पुरं. वरात कशाला?"

आणि ते एक माणूस कोण, हे आईबापांना विचारायचे नाहीत, मुलाला विचारायचे. आदल्या दिवशी मुलाच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसायचे, मास्क त्याच्या हातात खेळायला द्यायचे, उद्या काय काय होणार ते खरं खरं सांगायचे. फोटो काढायला नेतो असं सांगून मुलाला आत आणलेलं त्यांना खपत नसे. खोटं सांगून झोपवलेलं मूल भांडतच उठतं, असं त्यांचं मत. मग सहज विचारल्यासारखं करायचे, "घरी सकाळी डोळं उघडल्यावर पैलं कोन दिसतंय रं?" जे नाव येईल त्याला दुसऱ्या दिवशी आत बसवायचे. बाकी जगाने बाहेर.

मी त्यांना एकदा म्हटलं, जवळचं माणूस बसवल्याने एवढा फरक पडतो याबद्दल आपल्याच पुस्तकात एकमत नाही. खरं काम औषधांचं आहे. दुखणं आधीच मारलेलं असायला हवं आणि वायू बंद करताना त्या पांढऱ्या झोपेच्या औषधाची थोडी मात्रा द्यायला हवी.

"ते तर मी देतोच," आबा म्हणाले. "तुमी देता तेवढंच देतो. मग तुमची का वराडत्यात?"

आणि वर हसलेसुद्धा.

या सगळ्याचा उगम त्यांच्या स्वतःच्या झोपेत होता, असं ते सांगत. इंदापूरच्या हॉस्पिटलच्या आवारात चिंचेखाली जीप लावून ते दुपारी झोपायचे. त्यांना कुणी उठवायचं नाही, असा सगळीकडे दंडक. नवीन वॉर्डबॉयने एकदा काच वाजवली. आबा जीपमधून उतरले ते अनवाणी आवारभर फिरले, त्याला, सर्जनला आणि चिंचेला शिव्या घातल्या, नळाखाली डोकं धरलं आणि मग हळू आवाजात वॉर्डबॉयची माफी मागितली. मला म्हणाले, "मी भूल न घेता आसा उठतोय. मग त्या लेकराचं काय होत आसंल?"

सुप्याच्या मुलाची गोष्ट तर मला इतक्या जणांनी सांगितली की शेवटी मी ती ऐकताना खिडकीबाहेर बघायला लागले. मुलगा पाच वर्षांचा, हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी पहिलं कोण दिसतं, तर म्हणाला, "शेरडं." उन्हाळाभर अंगणात झोपायचा, शेळ्या तोंडाशी यायच्या. आई ओशाळली. आबांनी बापाला परत घरी पिटाळलं आणि शेळीच्या गळ्यातली घंटी मागवली. ती स्पिरिटने पुसली, बापाच्या हातात दिली आणि मूल हलायला लागल्यावर एकदाच वाजवायला लावली. मुलाने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "पानी." सर्जननी त्या दिवशी सगळ्या स्टाफला भेळ खाऊ घातली. मी त्याच दिवशी बारामतीत एका म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूला उभी होते. म्हातारे घोरत होते.

मी त्यांची नक्कल करून बघितली नाही असं नाही. एका मुलाला विचारलं, सकाळी पहिलं काय दिसतं. तो म्हणाला, "मोबाईल." मी त्याचं आवडतं कार्टून लावून पलंगाशी धरलं. तो कार्टूनसकट किंचाळला. मग वाटलं, भाषेत काही असेल. अंथुर्ण्याच्याच एका मुलीशी मी गावाकडचं बोलायला गेले, तर ती शाळेतल्या बाईंसारखं तोंड करून म्हणाली, "तुम्ही असं का बोलता?"

आबांचंही एकदा फसलं. भिगवणकडचा एक मुलगा त्यांच्या हातून असा पेटला की दोन माणसांनी धरून ठेवावं लागलं. दारांना तेल होतं, पलंगाशी आजोबा होते, औषधं बरोबर होती. तरी व्हायचं ते झालं. आबा बाहेर पायरीवर वहाणा मांडीवर घेऊन बसले. चहालाही आले नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून "होतं असं, आबा" म्हटलं, आणि घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. इतकं गोड जेवण मला बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

आता त्यांनी काम सोडलंय. हात कापतो म्हणून. अंथुर्ण्यातच असतात आणि ऐकते की घरच्या गोठ्याच्या दारालाही तेल घालतात. लहान मुलांच्या केस माझ्याकडे आल्या. बरीच मुलं शांत उठतात, काही पेटतात. सर्जन अजून म्हणतात, "आबा असते तर..." आणि वाक्य तसंच सोडतात. तेव्हा मी हातमोजे ओढून काढते, जरा जास्तच आवाज करून.

पण मला सांगायचं आहे ते सईचं.

सई माझी मुलगी. आबा अजून काम करत होते तेव्हाची गोष्ट, ती चार वर्षांची होती. नाकामागची गाठ वाढलेली, रात्रभर तोंडाने श्वास, घोरणं, वारंवार ताप. गाठ आणि टॉन्सिल काढायचं ठरलं. भूल कोण देणार, हा प्रश्नच नव्हता. आपल्या लेकराला आपण भूल देत नाही, आणि दुसरा माणूस एकच होता. मीच फोन केला. फोन करताना मनात निम्मी काळजी होती आणि निम्मा हेवा.

मी एवढ्या मुलांना पेटताना बघितलं होतं की मला एकच गोष्ट हवी होती. सईने डोळे उघडले की समोर मी असायला हवी. तिने मला ओळखायला हवं. दुसरं काही नको. अडचण अशी की सकाळच्या केससाठी मी जळोचीच्या आमच्या घरातून उजाडायच्या आत बाहेर पडायचे. सई उठायची तेव्हा मी कुठेतरी कुणाच्या तरी मनगटात शीर शोधत असायचे. तिचे बाबा इंदापूरला नोकरीला, तेही पहिल्या गाडीने जायचे. आबा काय विचारणार ते मला माहीत होतं. म्हणून मी आठवडाभर सईला शिकवलं.

"सकाळी उठल्यावर पहिलं कोण दिसतं?"

"आई."

"शाब्बास. आबांनी विचारलं की काय सांगायचं?"

"आई."

बडबडगीतासारखं पाठ झालं तिला. जेवताना म्हणायची, अंघोळ करताना म्हणायची.

आदल्या संध्याकाळी आबा घरी आले. आधी आमच्या फाटकाला तेल घातलं. तात्या, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर पेपर वाचत होते. दोघांनी जुन्या गाडीच्या गप्पा मारल्या. तात्यांना मध्ये मध्ये खोकल्याची उबळ येत होती. जन्मभर डिझेलचा धूर आणि बिड्या, त्यामुळे हा खोकला आमच्या घरात घड्याळासारखा होता. उबळ संपली की शेवटी "अगं आई गं" म्हणायचे. सईजवळ खोकू नका, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की मला बघितलं की ते तोंडावर उपरणं धरायचे.

आबा सईजवळ फरशीवर बसले. मास्क खेळायला दिला. सईने तो बाहुलीला लावला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी डोळं उघडल्यावर पैलं कोन दिसतंय गं बाय?"

"आई," सई म्हणाली आणि बक्षिसासाठी माझ्याकडे बघितलं.

मीही आबांकडे बघितलं. आबा सईकडेच बघत होते. त्यांनी मान डोलावली, बाहुलीचा मास्क नीट केला आणि म्हणाले, "बरं. आन डोळं मिटल्यालं असत्यात, तवा पैलं काय ऐकू येतंय?"

हे मी शिकवलं नव्हतं.

सईने हसत मूठ तोंडाशी नेली आणि खोकली. हुबेहूब. आधी दोन कोरडे, मग एक लांब ओढलेला, आणि शेवटी खांदे पाडून, "अगं आई गं."

ओसरीवरचा पेपर खाली आला.

"उद्या तात्या आत बसतील," आबा उठता उठता म्हणाले.

"ते खोकतात, आबा," मी म्हटलं.

"म्हनून तर."

"मग मी पण बसते. कोपऱ्यात. काही बोलणार नाही."

"तुमी भाएर, सूनबाई. तुमी आत आला तर मशीनकडं बघत बसाल. पोरीकडं न्हाय."

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. रात्री नवऱ्याजवळ रडले. तो म्हणाला, अगं, तात्याच तर आहेत. तात्याच तर आहेत, म्हणून तर रडत होते. ज्या माणसाला मी मुलीपासून लांब बसा म्हणत आले, त्याच्यासाठी आता मला दाराबाहेर उभं राहायचं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. सईला कुशीवर झोपवून बाहेरच्या खोलीत आणलं. मी दाराच्या गोल काचेला नाक लावून उभी होते, दार बोटभर उघडं होतं. तात्यांना हिरवा डगला घातलेला, तोंडाला मास्क. पलंगाशी स्टुलावर ते असे ताठ बसले होते की जणू साहेबासमोर आहेत.

सईच्या कपाळाला आठी पडली. पाय झटकला गेला, पलंगाच्या कठड्यावर आपटला. हात सलाईनच्या सुईकडे निघाला. हे पुढे कुठे जातं ते मला माहीत होतं. माझा हात दारावर गेला.

"तात्या, खोका," आबा कुजबुजले.

तात्यांनी घसा खाकरला. काही आलं नाही.

"खोका की."

"येईना झालाय."

"रोज येतोय तो?"

"ज्येष्ठमध धरलाय तोंडात," तात्या कसनुसे होऊन म्हणाले. "सूनबाईच्या हॉस्पिटलात खोकायचं कसं?"

"थुका तो."

तात्यांनी मास्क वर करून ज्येष्ठमध तळहातावर घेतला, मास्क पुन्हा लावला आणि खोकायचं नाटक केलं. सईचा पाय आणखी जोरात आपटला. तोंड रडायला वाकडं झालं. तात्या घाबरले, पुन्हा खोकले, आणि त्या खोट्या खोकल्याने खरा खोकला ओढून आणला. आधी दोन कोरडे. मग लांब ओढलेला. सगळं हॉस्पिटल चिडीचूप आणि मध्ये तो एक खोकला. "अगं आई गं," तात्या म्हणाले आणि डोळे पुसले.

सुईकडे निघालेला सईचा हात तिथेच थांबला. कपाळाची आठी गेली. तिने आवाजाच्या बाजूला तोंड वळवलं, डोळे उघडले आणि बघितलं.

"तात्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पानी तापलं?"

"तापलं. पड वाईच."

"कडत न्हाय ना?"

"न्हाय. इसान घालतो."

हे त्या दोघांचं रोजचं बोलणं असणार. बंब पेटवायचा, गार पाणी मिसळायचं, कडत लागलं तर थोडा वेळ लोळायचं. चार वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आबांचा आजवर केलेला सगळा हेवा त्यापुढे खेळ वाटला. माझी मुलगी शांत उठली होती. मला ओळखेल की नाही या भीतीने मी आठवडाभर झोपले नव्हते, आणि आता ती ओळख ठेवून होती, ज्याची ठेवायची त्याची. सईने तात्यांचं बोट धरलं होतं. आबा भिंतीशी पाठ टेकून उभे होते आणि चक्क कुणाकडे बघून फुशारकी मारत नव्हते.

मी दार ढकललं. जरासं कुरकुरलं असतं, तर सईने वळून बघितलं असतं. आबांनी सकाळीच त्याला तेल घातलं होतं.